झोपेत अडकलेला फोन

डोंबिवली पूर्वेला स्टेशनाबाहेर पडून केळकर रोड किंवा मानपाडा रोड धरला की थोड्या थोड्या अंतरावर मोबाइल दुरुस्तीचा एखादा अरुंद गाळा लागतो. पुढे काचेचं काउंटर, वर टांगलेली कव्हरं आणि मागे टेबललॅम्पच्या उजेडात मान खाली घालून बसलेला कारागीर. कल्याण पश्चिमेला शिवाजी चौकाकडे जाताना, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत आणि गोखले रोडवरही असे गाळे आहेत. फुटलेल्या स्क्रीन, सैल झालेले चार्जिंग पोर्ट आणि पावसात भिजलेले फोन हे या गाळ्यांचं रोजचं काम.

या गर्दीत एक तक्रार वेगळी असते. गिऱ्हाईक फोन पुढे करतं तेव्हा तो व्यवस्थित चालू असतो. पण तक्रार अशी की, रात्री उशाशी ठेवला आणि सकाळी उठलाच नाही. किंवा खिशात तासभर पडून होता, बाहेर काढला तर स्क्रीन काळी. बटण दाबून काही होत नाही, कुणी कॉल केला तर फोन बंद असल्याचं ऐकू येतं, आणि पाच-दहा मिनिटं खटपट केल्यावर काहीच न झाल्यासारखा सुरू होतो. वापरताना अडकणारा फोन निदान डोळ्यांसमोर अडकतो. हा अडकतो तो पडून असताना, कुणी पाहत नसताना.

अशा फोनवर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘सॉफ्टवेअर मारून घ्या’ किंवा ‘रीसेट करून टाका’. माझं म्हणणं याच्या उलट आहे. रीसेट ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. त्याआधी फोन कधी अडकतो, कुठे अडकतो आणि अडकलेला असताना त्याचा कोणता भाग जागा असतो, हे विचारायला हवं. ही माहिती घरच्या माणसालाच गोळा करता येते, आणि ती हाताशी असेल तर कारागिराचं निम्मं काम झालेलं असतं.

फोनबरोबर काय काय अडकतं

ठाणे-कल्याण पट्ट्यातला दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो आणि लोकलचं तिकीट आता पुष्कळांच्या फोनमध्ये असतं. टीसीसमोर ते दाखवता आलं नाही, तर प्रवास विनातिकीट ठरू शकतो. त्याला भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे. फोन झोपेत अडकला होता, हे त्या वेळी पटवून देणार कसं? स्टेशनाबाहेर रिक्षाचं भाडं, भाजी, दूध, सगळं यूपीआयवर. ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली आणि दहा वर्षांच्या आत सुटे पैसे जवळ ठेवण्याची सवयच मोडली. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, गॅसच्या सिलिंडरचा कोड, शाळेच्या ग्रुपवरची सूचना, सोसायटीच्या गेटवरची परवानगी, या साऱ्यांची वाट त्याच एका काचेतून जाते.

दिवाळीच्या सुमारास येणारा नोव्हेंबर ज्येष्ठांसाठी विशेष महत्त्वाचा. निवृत्तिवेतन चालू ठेवायचं तर हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला देता येऊ लागला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या ज्या घरात फक्त आजी-आजोबा राहतात आणि मुलं परगावी किंवा परदेशी आहेत, तिथे हा फोन दाखल्याचं साधन आहे, औषधांच्या वेळांचा गजर आहे आणि रात्री अपरात्री हाक मारण्याचा मार्गही आहे. तो रात्री निमूट अडकून बसला आणि तिकडून मुलीचे दहा कॉल येऊन गेले, तर त्या घरावर काय गुदरतं हे सांगायला नको. म्हणून या दोषाकडे ‘जुना झालाय, बदलून टाका’ एवढ्यावर पाहणं मला मान्य नाही.

फोनची झोप म्हणजे काय

स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन बंद झाला, असं नसतं. थोड्या वेळाने त्याचा मुख्य प्रोसेसर काम थांबवतो. रॅममध्ये जे उघडलेलं असतं ते अगदी थोड्या विजेवर टिकवून धरलं जातं. मोजकेच भाग जागे राहतात: टॉवरशी संपर्क ठेवणारा मॉडेम, आतलं घड्याळ आणि विजेचं वाटप सांभाळणारी चिप, जिला दुरुस्तीच्या धंद्यात ‘पॉवर आयसी’ म्हणतात. जुन्या वाड्यात सगळे झोपले तरी देवडीवर एक जण जागा असे, तशी ही व्यवस्था.

कॉल आला, गजराची वेळ झाली किंवा बटण दाबलं की या जाग्या भागांपैकी एक जण प्रोसेसरला उठवतो. मग प्रोसेसर स्क्रीन, टच, वायफाय, बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर असा एकेक भाग जागा करत जातो. प्रत्येक भागाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. त्यातला एक जरी अर्ध्यावर थांबला आणि बाकीचे त्याची वाट पाहत राहिले, तर सगळी साखळी तिथेच तुंबते. आतून फोन चालू असतो, बॅटरीही खात असतो, पण बाहेर काहीच दिसत नाही. अँड्रॉइडच्या जाणकारांत या दोषाला ‘स्लीप ऑफ डेथ’ असं नाव पडलेलं आहे.

मग हा दोष झोपेतच का उघडा पडतो? कारण विजेच्या दृष्टीने झोपणं आणि उठणं हेच सगळ्यात नाजूक क्षण. झोपताना प्रोसेसरचा व्होल्टेज जेवढा उतरवता येईल तेवढा उतरवला जातो. उठताना एका क्षणात विजेची मागणी उसळते. बॅटरी जुनी असेल तर तिचा आतला रोध वाढलेला असतो, आणि ही उसळी आली की तिचा व्होल्टेज कोसळतो. म्हणूनच ४० टक्के चार्ज दाखवणारा फोन अचानक मान टाकतो. बोर्डावरच्या टाक्याला पडलेली केसाएवढी चीर, पोर्टात साचलेला ओलावा, कमअस्सल मेमरी कार्ड हे दोष एरवी दबलेले असतात, ते याच क्षणी डोकं वर काढतात.

यात सॉफ्टवेअरनेही भर घातली आहे. अँड्रॉइडच्या ६ व्या आवृत्तीत, २०१५ साली, ‘डोझ’ नावाची सोय आली. फोन टेबलावर स्थिर पडून असेल तर ॲपना वारंवार जागं होऊ द्यायचं नाही, ठरावीक अंतराने थोडा वेळ द्यायचा. पुढच्याच वर्षी ७ व्या आवृत्तीत ही झोप खिशातल्या, हलत्या फोनलाही लागू झाली. लोकलमध्ये उभ्या माणसाच्या खिशातला फोनही मग झोपू लागला. काही कंपन्यांनी बॅटरी जास्त टिकावी म्हणून यावर स्वतःचे आणखी कडक नियम चढवले. त्यामुळे फोन अडकलेला नसतानाही अडकल्यासारखा वाटू शकतो.

आधी विचारायचं ते ‘कधी?’

अडकलेल्या फोनला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल करावा. या एका कृतीने निदानाची पहिली फांदी कळते.

रिंग वाजली, पण स्क्रीन काळी आहे. म्हणजे फोन जागा आहे आणि दोष दिसण्यात आहे. एलसीडी स्क्रीन असेल तर अंधारात तिच्यावर टॉर्च तिरपा धरून पाहावं. अक्षरं पुसट दिसली तर मागचा प्रकाश गेला आहे. कानाजवळ धरल्यावर स्क्रीन विझवणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर वरच्या बाजूला असतो. जाड टेम्पर्ड ग्लास, पाकिटासारखं कव्हर किंवा घामाने चिकटलेली धूळ यांनी तो झाकला गेला की स्क्रीन उजळत नाही. आणि नुकताच डिस्प्ले बदलला असेल तर संशयाची सुई तिकडेच वळवावी. बाजारात ‘कॉम्बो’ नावाने मिळणाऱ्या नकली डिस्प्लेंमधली नियंत्रक चिप मूळ चिपेपेक्षा वेगळी असू शकते. अशी स्क्रीन चालू असताना ठीक वाटते, पण झोपेतून उठण्याचा आदेश तिला नीट कळत नाही.

कॉल लागलाच नाही, फोन बंद किंवा संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं ऐकू आलं. म्हणजे फोन मुळातच थांबलेला आहे. आता चार्जर लावावा. चार्जिंगचं चिन्ह आलं तर बॅटरी उतरली होती किंवा फोन बंद झाला होता. काहीच आलं नाही पण फोनची पाठ गरम लागते आहे, तर तो आतल्या आत अडकला आहे.

फोन उठतो, पण बटण दाबल्यावर अर्धा मिनिट घेतो. हे बहुतेक वेळा भरलेल्या साठवणुकीचं किंवा थकलेल्या मेमरी चिपचं लक्षण असतं.

आणि फोन ताबडतोब उठतो, पण उठल्याबरोबर तीन तासांचे मेसेज एकदम कोसळतात. हा दोष नाही, ही गाढ झोप आहे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप, गजराचं ॲप आणि बँकेचं ॲप यांच्यावरचं बंधन काढलं की काम होतं.

आणखी एक खूण फार कमी लोक पाहतात. सकाळी फोन उघडताना बोटाचा ठसा न स्वीकारता तो पिन किंवा पॅटर्न मागतो आणि पिन टाकेपर्यंत व्हॉट्सॲपचा एकही मेसेज आलेला नसतो. याचा अर्थ बऱ्याचदा असा की, रात्री तो स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. फोनमध्ये ‘वॉचडॉग’ नावाची एक राखण असते. प्रोसेसर ठरावीक काळ हालचाल करेनासा झाला की ती त्याला जबरदस्तीने रीस्टार्ट करते. खात्री करायची तर ‘अबाउट फोन’मध्ये ‘अप टाइम’ पाहावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो. आठवडाभर बंद न केलेला फोन चारच तास चालू असल्याचं सांगत असेल, तर पहाटे काहीतरी घडलं होतं.

यानंतर काही दिवस एका कागदावर नोंद ठेवावी: वेळ, चार्ज किती टक्के, चार्जरवर होता की नाही, वायफाय की मोबाइल डेटा, जागा कोणती, आदल्या दिवशी कोणतं ॲप किंवा अपडेट आलं. आपल्या भागात जागेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ठाणे आणि दिवा यांच्यामधला पारसिकचा बोगदा १९१६ पासून वापरात आहे, सुमारे १.३ किलोमीटर लांब. लांब पल्ल्याची गाडी त्यातून जाते तेव्हा सिग्नल तुटतो आणि मॉडेम जास्त ताकद लावून टॉवर शोधू लागतो. गर्दीच्या लोकलमध्येही फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सतत सोपवला जात असतो. म्हाताऱ्या बॅटरीची परीक्षा इथेच होते. फोन घरात कधीच अडकत नाही, प्रवासातच अडकतो, अशी नोंद झाली तर आधी बॅटरी, मग नेटवर्कचा भाग, असा रोख धरता येतो. फक्त घरच्या वायफायवर अडकत असेल तर वायफाय रात्रभर बंद ठेवून पाहावं. चार्जरवर असतानाच अडकत असेल तर दुसरा, मूळ कंपनीचा चार्जर लावून पाहावा.

ऋतूही लिहावा. एप्रिलमध्ये कल्याण-डोंबिवलीचा पारा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा वर चढतो, चाळिशीही ओलांडतो. ॲपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत असं सांगते. बंद पार्किंगमधल्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेला फोन ही मर्यादा केव्हाच ओलांडतो. पावसाळ्यात ओलावा हा मुख्य संशयित. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसणं हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय, पण तो टाळावा. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलं, कारण दाण्यांचे कण पोर्टात शिरतात. फोन बंद करून, पोर्ट खालच्या बाजूला धरून हलकेच झटकावा, पंख्याखाली ठेवावा आणि कोरडा होईपर्यंत चार्जर लावू नये.

हलक्यापासून जड उपायाकडे

पहिली पायरी जबरदस्तीचा रीस्टार्ट. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दहा ते वीस सेकंद दाबून धरायचं. नव्या आयफोनमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, मग कमी करायचं दाबून सोडायचं, आणि मग बाजूचं बटण ॲपलची खूण दिसेपर्यंत धरून ठेवायचं. यात एकही फोटो पुसला जात नाही. घरातल्या प्रत्येकाला हे यायला हवं.

दुसरी पायरी, फोन उठला की सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, संपर्क, व्हॉट्सॲप. उद्या करू म्हणू नये. आजचे अँड्रॉइड फोन आपला सगळा मजकूर कूटबद्ध करून ठेवतात. २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून नव्या फोनना ते बंधनकारकच झालं. त्यामुळे बोर्ड कायमचा गेला तर मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचण्याचा जुना मार्ग चालत नाही. किल्ली मूळ प्रोसेसरपाशी असते. अडकून उठणारा फोन मालकाला एक संधी देत असतो, ती वाया घालवू नये. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप २०२४ पासून गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जातो. ती जागा भरली असेल तर बॅकअप थांबलेला असतो, म्हणून शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी.

तिसरी पायरी जागा मोकळी करण्याची. फ्लॅश मेमरीवर जुन्या मजकुराच्या जागी थेट नवा लिहिता येत नाही. आधी एक मोठा गट पुसावा लागतो. फोन ही झाडलोट रिकामा आणि चार्जरवर असताना, म्हणजे साधारण रात्री, करतो. साठवणूक काठोकाठ भरलेली असेल तर हलवाहलवीला जागाच उरत नाही आणि फोन गुदमरतो. २०१८ च्या सुरुवातीला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती की, भारतीयांचे फोन का भरतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना सकाळच्या शुभेच्छांची चित्रं सापडली. दिवाळीत तर फराळ, रांगोळ्या आणि कंदिलांचे व्हिडिओ ग्रुपागणिक येतात. व्हॉट्सॲपमधलं आपोआप डाउनलोड बंद करावं आणि एकूण जागेचा निदान दहावा हिस्सा रिकामा ठेवावा.

चौथी पायरी वजाबाकीची. मेमरी कार्ड काढून दोन-तीन दिवस फोन वापरावा. कव्हर आणि ग्लास काढून पाहावं. सिस्टिमचं अपडेट राहिलं असेल तर घ्यावं. मग सेफ मोड. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण दाबल्यावर येणारा ‘पॉवर ऑफ’चा पर्याय दाबून धरला की सेफ मोड विचारला जातो. त्यात आपण टाकलेली ॲप बंद राहतात. एक रात्र फोन सेफ मोडमध्ये ठेवला आणि तो अडकला नाही, तर दोष एखाद्या ॲपचा आहे. अलीकडे टाकलेली ॲप, विशेषतः ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ आणि लॉकस्क्रीन बदलणारी, एकेक काढत जावं. सेफ मोडमध्येही अडकला, तर रोख सिस्टिमकडे किंवा हार्डवेअरकडे वळतो.

पाचवी पायरी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा हिशेबाने बनवलेल्या होत्या, म्हणजे रोज एकदा चार्ज करणाऱ्याची साधारण दीड वर्षं. पाठ फुगली असेल किंवा स्क्रीनची कड उचलली गेली असेल तर तो फोन लगेच बंद करावा. दाबू नये, चार्ज करू नये, उशाखाली तर मुळीच ठेवू नये.

रीसेट यानंतर येतो, आणि तोही गूगल खात्याचं नाव व पासवर्ड हातात असेल तरच. २०१५ पासून, अँड्रॉइड ५.१ च्या काळात, चोरीला आळा घालण्यासाठी एक कुलूप आलं आहे. रिकव्हरी मेनूतून फोन पुसला तर सुरू करताना तो आधीचंच खातं मागतो. ज्या ज्येष्ठांचं खातं चार वर्षांपूर्वी नातवाने किंवा दुकानदाराने उघडून दिलं, त्यांना पासवर्ड ठाऊक नसतो. अडकणारा फोन मग कुलूपबंद फोन होतो. बँकेची ॲप, यूपीआय, ओटीपी देणारी ॲप पुन्हा नोंदवावी लागतात ती वेगळीच. घाईने केलेला रीसेट हा माझ्या मते या दोषातला सगळ्यात महाग उपाय आहे.

टेबलावर

इतकं करूनही फोन अडकत असेल तर तो कारागिराच्या टेबलावर जायला हवा. तिथली पहिली तपासणी पाहण्यासारखी असते. बॅटरी काढून बोर्डाला डीसी सप्लायने वीज देतात आणि अँपिअरच्या काट्याकडे पाहतात. बटण दाबण्याआधीच काटा हलला तर कुठेतरी वीज गळते आहे. कारागीर म्हणतात, ‘शॉर्ट आहे’. बटण दाबल्यावर काटा चढतो, थांबतो, पुन्हा चढतो, आणि त्या चढउतारावरून फोन सुरू होण्याच्या कोणत्या टप्प्यावर अडतो हे अनुभवी माणूस सांगतो. नीट झोपलेला फोन अगदी मोजके मिलिअँपिअर घेतो. झोपेतही काटा वर राहिला तर कुणीतरी त्याला झोपू देत नाही.

शॉर्ट शोधायला बोर्डावर रोझिनचा धूर सोडतात. जो भाग तापतो त्यावरचा पांढरा थर वितळतो आणि चोर सापडतो. ओलाव्याने धरलेला हिरवट-पांढरा गंज आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून काढतात. डिस्प्लेच्या किंवा बॅटरीच्या पट्टीचं कनेक्टर सैल झालेलं असेल तर काढून पुन्हा नीट बसवण्यानेही काम भागतं. एवढ्यावर दुरुस्त होणारे फोन असतात, आणि चांगला कारागीर आधी हेच करून पाहतो.

अवघड दुरुस्ती प्रोसेसरच्या खाली असते. पुष्कळ फोनमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावरच रॅमची चिप बसवलेली असते आणि दोन्ही शेकडो सूक्ष्म टाक्यांच्या गोळ्यांवर उभ्या असतात. फोन पडला, वाकला किंवा वर्षानुवर्षं तापत-थंड होत राहिला की एखाद्या गोळीला चीर जाते. बोर्ड बोटाने दाबला की फोन चालू होतो, सोडला की बंद, ही तिची ओळख. मग ब्लोअरने चिप उचलायची, जुनं कथिल साफ करायचं, स्टेन्सिलने नव्या गोळ्या बसवायच्या. याला ‘रिबॉल’ म्हणतात. हात अचूक असेल तर फोन पुन्हा उभा राहतो. उष्णता जरा जास्त झाली तर बोर्डही जातो आणि आतला मजकूरही. म्हणून रिबॉलला होकार देण्यापूर्वी बॅकअप झालेला असावा आणि धोका कारागिराने स्पष्ट सांगितलेला असावा.

फोन ठेवून येताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं. ओटीपी सिमवर येतात. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवावा. पिन देण्याची वेळ आलीच, तर सॅमसंगमधला ‘मेंटेनन्स मोड’ किंवा पिक्सेलमधला ‘रिपेअर मोड’ लावून द्यावा. त्यात फोन तपासता येतो, पण फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून मिळेल त्याला कॉल करू नये आणि कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकू नये. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवावं.

दोष नेहमी वापरणाऱ्याचा नसतो

फोन बिघडला की ‘तुम्ही पाडला असेल, भिजवला असेल’ हे पहिलं वाक्य ऐकू येतं. इतिहास वेगळं सांगतो. एलजीचे जी ४ फोन मधेच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत राहायचे. २०१६ च्या जानेवारीत कंपनीने मान्य केलं की, आतल्या भागांचा परस्परांशी संपर्क सैल होता. आयफोन ६ च्या पिढीतले फोन अचानक बंद पडत. ॲपलने २०१७ मध्ये अपडेट देऊन जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग गुपचूप कमी केला. वापरणाऱ्यांनी मोजमापं काढली, ती जाहीर केली आणि त्या डिसेंबरात कंपनीने माफी मागितली. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला. दोन्ही प्रकरणांत सामान्य माणसांनी ठेवलेल्या नोंदीच कामी आल्या.

आपल्या वॉरंटीतल्या फोनसाठीही हेच लागू आहे. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर ‘हँग’ एवढाच शब्द लिहू देऊ नये. ‘स्क्रीन बंद असताना अडकतो, कॉल लागत नाही, आठवड्यात अमुक वेळा, अमुक तारखांना’ असं लिहून घ्यावं. अडकलेल्या फोनचा दुसऱ्या फोनवर व्हिडिओ घ्यावा. कारण हा दोष सेंटरच्या टेबलावर दिसलाच नाही, तर ‘नो फॉल्ट फाउंड’ म्हणून फोन परत येतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तारखांसहित लिहिलेला कागद तिथे पुरावा ठरतो.

आता त्या अरुंद गाळ्यातल्या माणसाकडे पाहावं. तो सुटे भाग आणतो ते लॅमिंग्टन रोडवरून, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमधून किंवा उल्हासनगरच्या बाजारातून. अस्सल भाग त्याला मिळतीलच असं नाही, बोर्डाचे अधिकृत नकाशे तर जवळपास नाहीतच. तो मेलेल्या फोनमधून चालू चिपा काढून दुसऱ्याला जीव देतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. मोबाइल त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एकात येतो. फोन दुरुस्त करायला किती सोपा आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला. युरोपीय संघ एक पाऊल पुढे आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखणारी हवी, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळायला हवेत. तेच मॉडेल ठाण्यात विकणाऱ्या कंपनीने ठाण्यातल्या कारागिरालाही ते भाग द्यावेत, ही मागणी अवाजवी नाही.

शिक्षणाचाही प्रश्न आहे. केंद्राच्या आयटीआय अभ्यासक्रमांत स्मार्टफोन टेक्निशियनचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. ठाणे, अंबरनाथसारख्या जुन्या औद्योगिक गावांनी यंत्र जोडणारे हात एकेकाळी देशाला दिले. आज तशीच हातोटी स्टेशनाबाहेरच्या गाळ्यांत आहे, पण तिला ना प्रमाणपत्र ना प्रतिष्ठा. अशा कारागिरांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणं, आणि ई-कचऱ्याचे २०२३ पासून लागू झालेले नियम राबवताना त्यांना सोबत घेणं, हे काम स्थानिक पातळीवरही करता येण्याजोगं आहे. बोर्डावरचा एक कनेक्टर बसवून फोन आणखी दोन वर्षं चालला, तर एका कुटुंबाची मोठी रक्कम वाचते आणि एक फोन कचऱ्यात जायचा थांबतो.

या दिवाळीत नरक चतुर्दशीला डोंबिवलीच्या फडके रोडवर नेहमीप्रमाणे तरुणाई लोटेल, हजारो फोटो निघतील. भाऊबीजेला बहीण-भाऊ एकमेकांकडे जातील. जिथे जाल तिथे आई-बाबांचा, मावशीचा, शेजारच्या काकांचा फोन मागून घ्या आणि त्याला तासभर द्या. बॅकअपची तारीख पाहा. गूगल खात्याचं नाव आणि पासवर्ड त्यांच्याच अक्षरात त्यांच्या वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि ती वही कपाटात राहू द्या. साठवणूक मोकळी करा. रीस्टार्टची बटणं त्यांच्या बोटांनी दोनदा दाबून घ्या. आणि नेहमीच्या भरवशाच्या कारागिराचं नाव त्याच पानावर लिहा. फोन पुढेही कधीतरी अडकेल, यंत्र आहे ते. पण त्या दिवशी त्या घरातला मजकूर सुरक्षित असेल, घाबरून काही पुसलं जाणार नाही, आणि काउंटरवर गेल्यावर कारागिराच्या ‘कधीपासून?’ला नेमकं उत्तर मिळेल.